'येते' म्हणून गेलेली यमू

एकदा एक वृद्ध कथाकार समुद्रकाठच्या एका गावी राहत असत. गावाला लहानसे बंदर होते आणि देवळाला लागून पाठशाळा. पाठशाळेतल्या मुलांसाठी कथा लिहाव्यात, मुलांनी त्या पाळीपाळीने मोठ्याने वाचाव्यात आणि कागद फाटेपर्यंत हाताळाव्यात, एवढेच त्यांचे काम. गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांचे मूळ नाव आज कुणाच्या स्मरणात नाही आणि त्यांना त्याचे काही वाटलेही नसते.

त्यांच्याजवळ पद्माकर नावाचा एक शिष्य शिकत होता. मुलगा मेहनती, प्रामाणिक, आणि सत्याचा मोठा अभिमानी. घडलेले तेवढे सांगावे, न घडलेले सांगणे म्हणजे गोड बोलून फसवणे, असे त्याचे मत. कथाकाराकडे शिकायला येऊन कथेविषयीच असे मत बाळगणारा हा शिष्य गुरुजींनी कसा काय ठेवून घेतला, असा प्रश्न गावात पुष्कळांना पडे. गुरुजींना मात्र तो फार आवडत असे, कारण तो झोपेतसुद्धा वाद घालायला तयार असायचा.

त्या वर्षी एका वादळानंतर गावाच्या बंदराला एक गलबत लागले आणि त्यातून परकी माणसे उतरली. त्यांचे बेट समुद्राने गिळले होते. त्यांना परत जायला जागाच नव्हती. मिठागरांच्या पलीकडे गावाने त्यांना झोपड्या घालू दिल्या. काथ्याचे सुंभ वळण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून गाव त्यांना दोरवाले म्हणू लागले. पहिल्या दिवसांत गावाने त्यांना तांदूळ दिले, जुने कपडे दिले, आणि मग गाव आपल्या कामाला लागले.

या दोरवाल्यांची नेरी नावाची एक मुलगी पाठशाळेत येऊ लागली. ती खांबाजवळ बसे आणि अक्षरही बोलत नसे. तिला शिकवण्याचे काम पद्माकरकडे आले होते. तो दिवा दाखवून 'दिवा' म्हणे, पाण्याचे भांडे दाखवून 'पाणी' म्हणे. ती त्याच्या बोटाकडे पाही, मग त्याच्याकडे पाही आणि शेवटी तिची नजर दाराकडे जाऊन थांबे. दारात काय आहे म्हणून पद्माकरही वळून बघे. तिथे काहीच नसे.

पाठशाळेचा खर्च त्र्यंबकशेट नावाचे एक व्यापारी चालवीत. माणूस वाईट नव्हता, पण गावाचे बोलणे त्यांना ऐकावे लागे. मुकी मुलगी बसवून मास्तरांचा वेळ जातो, अशी कुरकुर त्यांच्या कानी गेली. एके दिवशी ते आले आणि त्यांनी सांगून टाकले की दसऱ्याच्या पाटीपूजनाला या मुलीने सर्वांसमोर पोथीतली एक ओळ वाचून दाखवावी. नाही जमले तर तिने आईजवळ बसून सुंभ वळावा, तेही काही हलके काम नाही. जाता जाता त्यांनी गुरुजींना आणखी एक सुचवले. या लोकांवर एखादी कथा लिहा, म्हणजे आपल्या मुलांच्या मनात त्यांच्याविषयी दया उत्पन्न होईल.

दसऱ्याला थोडेच आठवडे उरले होते. नेरी पाठशाळेतून गेली तर पुन्हा येणार नाही, आणि तिच्यामागून त्या वस्तीतले दुसरे मूलही कधी या दारात पाऊल ठेवणार नाही, हे पद्माकरला स्पष्ट दिसत होते. तो लगेच वस्तीवर गेला. दारोदार फिरून, खाणाखुणा करून त्याने सगळी माहिती जमवली. बेट कसे बुडाले, काथ्या कसा भिजवतात, लग्नात काय गातात, काय खातात. ती सारी त्याने सुवाच्य अक्षरात उतरवून गुरुजींपुढे ठेवली आणि म्हणाला, की आता यात कल्पनेचे एक अक्षरही घालण्याची गरज नाही.

गुरुजींनी सगळे लक्ष देऊन वाचले. चांगले काम केलेस म्हणाले. मग ते कागद त्यांनी बाजूला ठेवले, बोरू घेतला आणि कथा लिहायला बसले. लिहून झाल्यावर त्यांनी ती पद्माकरच्या हाती दिली. पद्माकरने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, पान उलटले आणि त्याचा चेहरा उतरला. कथेत दोरवाले नव्हतेच. बुडालेले बेट नव्हते, वादळ नव्हते. कथा होती यमू नावाच्या मुलीची, आणि ही यमू त्यांच्याच गावची होती.

न राहवून पद्माकरने विचारले की गुरुजींनी शेटजींचे सांगणे नीट ऐकले होते ना. गुरुजी म्हणाले, की कान अजून शाबूत आहेत. मग नेरीचे काय होणार, असे पद्माकरने काकुळतीला येऊन विचारले. त्यावर गुरुजी एवढेच म्हणाले, की उद्या मुलांना वाचायला दे. रात्रभर पद्माकर गुरुजींवर रुसून होता. म्हातारपणाने गुरुजींचे भान सुटले असावे, अशी शंकासुद्धा त्याच्या मनाला चाटून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलांनी कथा वाचायला घेतली. कथेतल्या यमूचे वडील गलबते बांधणारे सुतार. कामासाठी ते समुद्रापलीकडच्या एका मुलुखात गेले आणि यमूला बरोबर घेऊन गेले. तिथे यमूचे सगळेच चुकू लागले. ती जेवायला मांडी घालून बसली की तिथली मुले हसत. तिच्या नावाचा उच्चार कुणाला धड जमत नसे, तेव्हा तिचे नावच त्यांनी बदलून टाकले. पाठशाळेतली मुले वाचता वाचता चिडू लागली. आपल्या यमूला हसणारे हे कोण, असे एकदोघांनी बोलूनही दाखवले.

मग कथेत एक शेजारीण आली. एकटी राहणारी म्हातारी. तिने यमूला घरात बोलावले, चटईवर बसवले, भाजलेले कंद खायला दिले. यमूला किती दिवसांनी कुणी आपल्याजवळ बसवले होते. निघताना, आईने शिकवले होते तसे, चांगल्या घरच्या मुलीने म्हणावे तसे, त्या मुलुखाच्या भाषेत शब्द जुळवून जुळवून ती म्हणाली, "येते."

म्हातारीचा चेहरा उजळला. यमू गेल्यावर तिने पुन्हा चटई झटकून घातली. आपल्या वाटीशेजारी दुसरी वाटी मांडली. दार उघडे ठेवून ती बसून राहिली. चूल विझली तशी तिने पुन्हा पेटवली. दुसऱ्या दिवशी यमू हसत तिच्या दारावरून गेली, तेव्हा म्हातारीने तोंड फिरवले. कथा तिथेच संपली होती. शेवटची ओळ होती, 'आपले काय चुकले, ते यमूला कळेना.'

ही ओळ वाचण्याची पाळी आली होती वेणूवर. वेणू म्हणजे त्र्यंबकशेटांची नात. वर्गात सर्वांत चुरचुरीत बोलणारी. तिने ओळ वाचली आणि कागद खाली ठेवला.

"हे बरोबर नाही," ती म्हणाली. "यमूचं काहीच चुकलं नाही. जाताना 'जाते' म्हणायचं नसतं. म्हटलं तर आजोबा रागावतात. आपण 'येते' म्हणायचं, मग आतून 'ये' म्हणतात. असंच असतं."

मुलांनी माना डोलावल्या. सगळ्यांच्या घरी असेच असते. मागून एक मुलगा म्हणाला की ती म्हातारीच वेडी, एवढे कळत नाही तिला. सगळे हसले.

"वेडी नाही."

आवाज खांबाकडून आला होता. पद्माकरने त्या दिशेने पाहिले. नेरी उभी राहिली होती. आज तिची नजर दाराकडे नव्हती. ती सरळ मुलांकडे पाहत होती.

"म्हातारी वेडी नाही," ती म्हणाली. "यमू म्हणाली, येते. मग दार नाही लावायचं."

इतके महिने दिवा आणि पाणी दाखवून जिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता, ती आज वाक्यावर वाक्य बोलत होती. शब्द तिला केव्हाच येत होते.

वेणूने हळूच विचारले, "मग म्हातारीने दार कधी लावलं?"

नेरीने तिच्याकडे पाहिले.

"मी नाही लावलं," ती म्हणाली. "तू पण म्हणाली होती."

वेणूचा चेहरा आधी कोरा होता. मग तिला आठवले. दोरवाले आले त्या पहिल्या दिवसांत आई वस्तीवर तांदूळ घेऊन गेली होती, आणि बरोबर तीही होती. मोठ्यांचे हातवारे चालले होते तेव्हा एका झोपडीपाशी या मुलीने तिच्या मनगटाला काथ्याचे कडे वळून बांधले होते. दोघी चटईवर बसून खेळल्या होत्या. मग आईने हाक मारली आणि निघताना तिने म्हटले होते, "येते हं." घरी पोचल्यावर कडे कुठे गेले तेही तिला आता आठवेना. वेणूला एकदम रडू आले. ती काही बोलली नाही, पण पाठशाळा सुटताच मिठागरांच्या दिशेने पळत सुटली.

शेटजींची नात एकटीच त्या वस्तीकडे धावते आहे हे पाहून पद्माकर घाबरला आणि तिच्या मागोमाग गेला. ऊन कलले होते. झोपड्यांच्या अंगणात काथ्याचे ढीग पसरले होते. वेणू एका झोपडीपुढे येऊन थांबली. आता काय म्हणावे ते तिला सुचत नव्हते. आत जाऊन बसावे तर धीर होत नव्हता. मग अगदी बारीक आवाजात, आपण घरी आल्यावर म्हणतो तसे, ती म्हणाली, "आले मी."

नेरी रोजच्या जवळच्या वाटेने आधीच घरी पोचली होती. तिने वेणूला काही विचारले नाही, काही सुनावले नाही. ती उठली आणि तिने चटई झटकून घातली. मग कोनाड्यात पालथी घातलेली करवंटीची एक वाटी तिने काढली, फडक्याने पुसली आणि आपल्या वाटीशेजारी मांडली. नेरीची आई दारात उभी होती. तिने पद्माकरला खुणेने सांगितले, की ही वाटी पोर कुणाला घेऊ देत नाही. वडिलांनाही नाही.

पद्माकर त्या वाटीकडे बघत राहिला. तो या घरात माहिती जमवायला येऊन गेला होता. वाटी तेव्हाही तिथेच, त्याच कोनाड्यात असणार. काय खातात हे त्याने विचारले होते. किती भांडी आहेत, हेही बहुधा पाहिले होते. यातली एक वाटी कुणाची तरी वाट पाहते आहे, हे त्याच्या सुवाच्य अक्षरांत कुठेच आले नव्हते. आणि गुरुजींनी तर या वस्तीत पाऊलही टाकले नव्हते. तरी त्यांच्या कथेत चटई होती, उघडे दार होते आणि दुसरी वाटी होती. त्याला हात जोडावेसे वाटले, पण कुणापुढे, ते कळेना.

तो घाईघाईने परतला. गुरुजी ओट्यावर बसले होते. त्याने सगळे सांगितले आणि विचारले, की नेरी वाट पाहत होती हे आपल्याला कुणी सांगितले?

गुरुजी स्वतःच थक्क झाले होते. ते म्हणाले, "कुणी नाही रे. मला काहीच ठाऊक नव्हतं. मी एवढंच मनाशी म्हटलं, की आपली भाषा जिला नवी आहे तिला 'येते' कसं ऐकू येत असेल? मी आपल्याच दाराबाहेर जाऊन उभा राहिलो आणि आत आपण काय बोलतो ते ऐकलं. जो येणार आहे त्याच्यासाठी कुठलंही घर दुसरी वाटी मांडतंच. त्यासाठी त्यांच्या वस्तीत जायला कशाला हवं?"

पद्माकरने विचारले, की मग आपली मुलगी तिकडे का पाठवली? त्यांची इकडे आलेली का नाही लिहिली?

"तुझी माहिती खरी होती. ती वाचून आपली मुलं 'बिचारे' म्हणाली असती आणि खेळायला पळाली असती. बिचारे म्हटलं की माणसाला वाटतं, आपलं काम झालं. म्हणून मी आपल्याच एका लेकीला गलबतात बसवलं. तिला लोक हसले तेव्हा आपल्या मुलांना राग आला. तो राग त्यांचा स्वतःचा होता. आता तो त्यांच्यापाशी राहील." गुरुजी म्हणाले. "आणि नेरीचं म्हणशील तर, या गावात आल्यापासून ती सगळ्यांसाठी नुसती 'आलेली' आहे. हात पुढे करून उभी असलेली. पण तिच्या बेटावर तिचं घर होतं, बाळ. तिथे ती लोकांना बसायला चटई घालत असे. आज कथेत तिला तिच्यासारखं कुणीतरी उंबऱ्याच्या आत बसलेलं दिसलं. आपल्या घरातून माणूस बोलतो, तशी ती बोलली."

न घडलेल्या एका गोष्टीने घडलेली गोष्ट बाहेर काढली होती, आणि पद्माकरने जमवलेल्या सत्याला ते साधले नव्हते. याचे त्याला वाईट वाटायला हवे होते, पण खरे सांगायचे तर त्याला फार आनंद झाला होता.

मुलांनी पुढे अनेक दिवस गुरुजींना भंडावून सोडले. यमू परत म्हातारीकडे गेली का? गुरुजींनी सांगितले की ते मला नाही, तुमच्यातल्या दोघींना ठाऊक आहे. तेव्हा खांबाजवळ बसून वेणूने आणि नेरीने पुढचे पान लिहिले. त्यात यमू दारात येऊन 'आले' म्हणते, आणि म्हातारी तिला आधी चांगली रागावते. हा राग नेरीच्या सूचनेवरून घातला होता. ते पान आणि त्याआधीची कथा इतक्या वेळा वाचली गेली की नेरीला यमूची सगळी कथा घडाघडा वाचता येऊ लागली.

दसरा आला. मुलांनी पाट्या धुऊन आणल्या, त्यांवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढली, फुले वाहिली. त्र्यंबकशेट सर्वांसमोर बसले. पूजा झाल्यावर त्यांनी नेरीला पुढे बोलावले आणि तिच्यापुढे जुनी पोथी धरली. यमूची कथा असती तर नेरीने डोळे मिटून वाचली असती. पोथीतल्या ओळीत जोडाक्षरे एकावर एक बसली होती. नेरीने अर्धी ओळ वाचली, अडखळली, पुन्हा सुरुवात केली आणि तिथेच थांबली.

"पुष्कळ झालं, बाळ," शेट म्हणाले. आवाजात राग नव्हता. पण ओळ पुरी झाली नव्हती आणि ते सर्वांनी पाहिले होते. शेटांनी पोथी मिटली. पद्माकरने खाली पाहिले.

नेरीने आपली पाटी उचलून फडक्यात बांधली. इतर मुलांनी केले तसे तिने शेटांच्या हातावर आपट्याचे पान ठेवले आणि वाकून नमस्कार केला. मग ती दारापर्यंत गेली, उंबऱ्यावर वळली आणि सर्वांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "येते."

शेट पाने गोळा करण्यात गुंतले होते. आयुष्यभराच्या सवयीने त्यांच्या तोंडून गेले, "ये, बाळ, ये."

मुले शेटांकडे पाहत होती. एरवी ज्या शब्दाकडे कुणाचे लक्षही गेले नसते, तो शब्द सगळ्यांनी ऐकला होता. शेटांना कळेना, झाले काय.

"आजोबा," वेणू म्हणाली, "तुम्ही 'ये' म्हणालात."

"हो. म्हणतातच तसं," शेट म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. त्यांनी दाराकडे पाहिले. नेरी अजून उंबऱ्यावर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर शंका अशी नव्हतीच. तिला 'ये' म्हटले होते आणि ती येणार होती. यमूची कथा शेटांनी वाचली नव्हती, पण घरी नातीच्या तोंडून ती अनेकदा ऐकली होती. हातातल्या आपट्याच्या पानाकडे ते जरा वेळ पाहत राहिले.

"म्हणालो खरा," ते सावकाश म्हणाले. "मग येऊ दे तिला. आणि त्या खांबापाशी नका बसवू आता, पुढे घ्या."

नेरी गेली. मुलांचा गलबला पुन्हा सुरू झाला. पद्माकरने गुरुजींकडे पाहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवण्याची त्यांना गरज वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पद्माकर सुट्टीसाठी आपल्या गावी निघाला. गाठोडे खांद्याला लावून त्याने गुरुजींच्या पायांवर डोके ठेवले. आजवर हजारदा सहज उच्चारलेला तो लहानसा शब्द आज त्याच्या ओठांशी येऊन अडला. त्यात केवढे वचन भरले आहे, हे त्याला पहिल्यांदाच जाणवत होते. अखेर, नीट विचार करून, तो म्हणाला, "येतो, गुरुजी."

"ये," गुरुजी म्हणाले, आणि तो दिसेनासा होईपर्यंत त्यांनी दार लावले नाही.

आपणही रोज कितीतरी उंबऱ्यांवर 'येतो' म्हणून उतरतो. त्यातल्या एखाद्या घरात अजून दुसरी वाटी मांडलेली असेल.